तेल म्हणजे औषध नव्हे

मंगळवारी सकाळी साडेनऊला शबाना सिस्टरनं एक साधा प्रश्न विचारला, सर्जेराव व्हटकरांनी त्याचं अगदी खरं उत्तर दिलं, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

प्रश्न सिस्टरच्या मनचा नव्हता. तासगावच्या बाल दवाखान्यातल्या यंत्रानं तो स्क्रीनवर छापील भाषेत उमटवला होता आणि तिनं तो तसाच वाचून दाखवला. ‘गेल्या चोवीस तासांत बालकाच्या कानात कोणतेही औषध घातले आहे काय?’

“न्हाई बा,” सर्जेराव म्हणाले. “औषधाचा एक थेंबसुदीक न्हाई.”

बोलताना त्यांची जीभ जराही अडखळली नाही, कारण यात लपवण्यासारखं काही आहे हेच त्यांच्या डोक्यात नव्हतं. आदल्या दिवशी दिवेलागणीला चार वर्षांची नात जुई उजवा कान धरून रडायला लागली, तेव्हा त्यांनी खोबरेलात लसणाच्या दोन पाकळ्या कढवल्या, तेल कोमट झाल्याची मनगटावर खात्री करून घेतली आणि कापसाच्या बोळ्यानं चार थेंब तिच्या कानात सोडले. आता हे काही औषध नव्हे. औषध बाटलीत असतं, त्याला झाकण असतं, त्यावर तारीख असते. तेल ते तेल. त्यांच्या आईनं ते त्यांच्या कानात घातलं, त्यांनी मुलीच्या कानात घातलं. मुलगी पुढे बालरोगतज्ज्ञ होऊन याच दवाखान्याच्या खुर्चीत बसली, तरी घरचं तेल काही औषध झालं नाही.

मुलगी, म्हणजे डॉक्टर प्रांजल, त्या वेळी शेजारच्या हॉलमध्ये होती. मंगळवार हा लसीकरणाचा वार, आणि तिथं चाळीस पोरांनी एकदम सूर लावला होता. स्वतःच्या पोरीकडे बघायला तिला उसंत नव्हती, म्हणून जुई आजोबांच्या मांडीवर बसून शबाना सिस्टरसमोर कान करून होती.

सिस्टरनं फोनएवढ्या यंत्राला कागदाचा नवा शंकू लावला आणि त्याचं टोक जुईच्या कानाशी टेकवलं. ‘चुर्र’ असा चिमणीएवढा आवाज झाला. मग कानात जाऊन परत आलेला तोच आवाज यंत्रानं चांगला ताणून, संथ करून सगळ्यांना ऐकवला. ‘घूंऽऽम्.’ स्क्रीनवर अक्षरं आली : ‘द्या’.

सर्जेरावांचा जीव भांड्यात पडला. कपाटाचं कुलूप आपोआप उघडलं, सिस्टरनं आतून एक पांढरी बाटली काढून त्यांच्या हातात ठेवली. “आता काळजी नको काका,” ती म्हणाली. “पोरगी दोन दिवसांत नाचायला लागती बघा.”

जुईनं विचारलं, “बाटलीत काय हाय?”

“तुझं हसू हाय,” सर्जेराव म्हणाले आणि तिला खांद्यावर घेऊन निघाले.

त्या यंत्राचं नाव ‘कानोसा’. २०४४ साली ते महाराष्ट्रातल्या प्रत्येक बाल दवाखान्यात होतं, आणि त्याची सगळी कुळकथा सर्जेरावांना तोंडपाठ होती, कारण प्रांजल जेवायला बसली की भाकरीच्या पहिल्या घासाबरोबर तीच सुरू करायची.

लहान पोरांना सर्दी झाली की नाकामागून कानाकडे जाणारी बारीक नळी सुजून बंद होते. मग कानाच्या पडद्यामागं पाणी साठतं. त्यात जंतू वाढले की पू होतो, पडदा फुगतो आणि पोर तळमळतं. पूर्वी असं प्रत्येक पोर दवाखान्यातून अँटिबायोटिक घेऊनच बाहेर पडायचं. खरं तर दोन वर्षांवरच्या बहुतेक पोरांचा कान दोन-तीन दिवसांत आपला आपणच निवळतो. अगदी तान्ह्या बाळांना, दोन्ही कान दुखणाऱ्या किंवा कान वाहणाऱ्या पोरांना मात्र औषध लागतंच लागतं. ज्याला लागत नाही त्यालाही ते पाजत राहिलं, की त्याच्या नाकाघशातले जंतू त्या औषधाला सरावतात. असं वर्षानुवर्षं चाललं आणि मग अमॉक्सिसिलिनसारखं साधं, स्वस्त, गुणी औषध पाजलं तरी जंतू ढिम्म हलेनात. साध्या न्यूमोनियानं बाळं हातची जाऊ लागली. तेव्हा कुठं सगळ्यांचे डोळे उघडले. औषध कुलपात गेलं आणि किल्ली कानोशाकडे आली.

कानोसा पडद्यावर आवाज टाकायचा आणि परतीचा आवाज ऐकायचा. पडद्यामागं हवा असली तर आवाज एका तऱ्हेनं परत येतो, पातळ पाणी असलं तर दुसऱ्या, आणि दाट पू दाटून बसला असला तर तिसऱ्या. त्यावरून तो दोनच शब्द बोलायचा. ‘द्या’ म्हणाला तर कपाटातली एक बाटली मिळायची. ‘थांबा’ म्हणाला तर अठ्ठेचाळीस तास ताप नि दुखणं कमी करायचं औषध द्यायचं, ठरल्या वेळी पुन्हा ऐकायचं आणि धीर धरायचा. सात वर्षं असं जपून वापरल्यावर ते औषध पुन्हा लागू पडायला लागलं होतं. प्रांजलला त्याचा एवढा अभिमान होता, की जणू तिनंच ते घरी परसात वाढवलं होतं.

सर्जेरावांना मात्र ‘थांबा’ या शब्दाचीच धास्ती होती, आणि त्याला कारण त्यांच्या डोक्याच्या डाव्या बाजूला होतं. सहाव्या वर्षी त्यांचा डावा कान असाच ठणकला. गावच्या कंपाउंडरनं लाल औषध दिलं. ठणका थांबला की आई औषध बंद करायची, पुन्हा ठणकला की उरलेली बाटली काढायची. दोन हिवाळे कान वाहत राहिला आणि मग वाहायचा थांबला तो ऐकायचाही थांबला. बापलेकीत यावरून कायमचा वाद. सर्जेरावांचं म्हणणं, औषध कमी पडलं. प्रांजलचं म्हणणं, औषध वाकडंतिकडं पोटात गेलं. छपन्न वर्षांपूर्वी त्या कानात नेमकं काय झालं ते आता कोण सांगणार? पण आपल्या नातीला एका कानानं जग ऐकायला लागू नये, एवढंच सर्जेरावांचं मागणं होतं.

आणि ते मागणारा माणूस तबले बनवणारा होता. गणपतीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर ‘व्हटकर तबला मेकर’ ही पाटी तीन पिढ्या जुनी. फोनमध्ये वाजणारे तबले कधीचे आले, तरी भजनी मंडळांना तबल्याच्या तोंडावरची कातड्याची पुडी बदलायला, शाई लावायला व्हटकरच लागत. सर्जेराव एका कानावर सगळं निभावून नेत. गिऱ्हाईक नेहमी उजवीकडे बसवायचं, एवढाच दुकानाचा नियम.

दुपारी दीडला प्रांजल घरी आली, ती चपला काढायच्या आधी जुईच्या कपाळाला हात लावून. ताप होताच. जुई डाव्या कुशीवर पडून बारीक आवाजात कण्हत होती. जावई नोकरीपायी कच्छात, सर्जेरावांची पत्नी सहा वर्षांपूर्वी गेलेली. घरात ही एवढीच तीन माणसं.

“‘द्या’ आलं म्हणे,” प्रांजल म्हणाली. तिच्या आवाजात डॉक्टर कमी आणि आई जास्त होती. “मला वाटलं होतं ‘थांबा’ येईल. एकच कान, ताप फार नाही... बरं झालं. आप्पा, पाणी उकळून ठेवलंय ना?”

“कवाचंच. गारबी झालंय.”

“मग बाटलीवरच्या रेघेपर्यंत घाला आणि हलवा. मी हातपाय धुऊन येते. आणि नीट बघून घाला हं, एकदा पाणी पडलं की बाटली परत घेत नाहीत.”

सर्जेराव ओट्याशी उभे राहिले. बाटलीतली भुकटी तळाशी बसली होती. ती मोकळी करायला त्यांनी बाटलीला टिचकी मारली, मग हाताच्या सवयीनं आणखी एक मारली आणि कान दिला. पुढ्यात येईल त्या वस्तूला टिचकी मारून ऐकायची त्यांना खोडच होती. या खोडीपायी त्यांनी लग्नात सासऱ्याच्या घागरीसुद्धा वाजवून बघितल्या होत्या. पण आज टिचकीबरोबर सकाळचा तो ‘घूंऽऽम्’ डोक्यात परत वाजला आणि त्यांचा हात थांबला.

आवाज खाली उतरलेला होता, ते ठीक. पण तो मेलेला नव्हता.

हे त्यांच्या धंद्यातलं पहिलं कळायचं. पुडीनं ओल धरली तर ती ‘भद्द’ वाजते. आवाज उतरतो आणि आस मरते, म्हणजे मागं गुंजत राहणारा आवाज संपतो. शाईचं तसं नाही. शाई म्हणजे पुडीच्या मधोमध घोटून बसवलेला लोखंडाच्या भुकटीचा आणि खळीचा काळा गोल. तिचं वजन कातड्यावर वरून पडतं. आवाज उतरतो, पण आस राहते, उलट गोड होते. सकाळी जुईच्या कानातून जे परत आलं ते ओलीचं नव्हतं. ते शाई लावल्यासारखं होतं. कुणीतरी पडद्यावर बाहेरून काहीतरी चोपडलं होतं, आणि यंत्रानं तेच वजन आतला पू म्हणून धरलं होतं.

कुणी चोपडलं होतं, ते आठवायला त्यांना फार लांब जावं लागलं नाही.

एका हातात बाटली, दुसऱ्या हातात पाण्याचं पातेलं, असे ते तसेच उभे राहिले. गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? यंत्र ‘द्या’ म्हणालंय, सिस्टरनं दिलंय, डॉक्टर स्वतः पाणी घाला म्हणतेय. आणि जे औषध सहाव्या वर्षी आपल्याला धड मिळालं नाही, ते नातीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर आहे. त्यांना खरंच वाटलं, की घालावं पाणी. जुईच्या कण्हण्याकडे उजवा कान लागला होता आणि हात आपोआप वर चालला होता. पण ज्या माणसानं उभ्या आयुष्यात बेसूर तबला दुकानाबाहेर जाऊ दिला नाही, त्याला हे खोटं ऐकून खरं म्हणणं जमेना. त्यातून ते खोटं प्रांजलच्या नावावर पडणार होतं. जी पोरगी गावातल्या आयाबायांचे शिव्याशाप खाऊन ‘थांबा’ सांगते, तिच्याच घरात चुकीची बाटली फुटणार होती.

त्यांनी पातेलं खाली ठेवलं.

“प्रांजल,” त्यांनी हाक मारली. “त्या मशीननं चुकीचं ऐकलंय.”

ती टॉवेलला हात पुसत आली. “आप्पा, कालपासून औषध औषध म्हणून तुम्ही माझं डोकं खाल्लंत. आता मिळालंय तर मशीन चुकलं?”

“तेल घातलंय मी कानात. काल सांजच्याला. लसणीचं.”

प्रांजलचा टॉवेल हातातच राहिला. “सिस्टरनं विचारलं नव्हतं?”

“तिनं औषध इचारलं,” सर्जेराव म्हणाले. “तेल न्हाई इचारलं.”

राग आला की प्रांजल छापील मराठीत बोलायची. लहानपणापासूनची सवय. ती म्हणाली, “आपल्याला याची कल्पना आहे का, की पडद्याला छिद्र असतं तर ते तेल थेट आत गेलं असतं? आपण हे करणार नाही असं मला वचन दिलं होतं, हे आपल्याला स्मरतं का?”

सर्जेरावांना स्मरत होतं. ते मान खाली घालून उभे राहिले. बासष्ट वर्षांचा माणूस, पण दिसत होता दप्तर हरवलेल्या पोरासारखा. प्रांजलनं त्यांच्याकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं, बाटलीतल्या कोरड्या भुकटीकडे बघितलं, आणि तिला एकदम कळलं की हा माणूस आत्ता गप्प बसू शकला असता.

“तुम्हाला कसं कळलं पण?” तिनं विचारलं. छापील भाषा गेली होती.

“आस होती आवाजाला. ओलीला आस नसती.”

जुईला मांडीवर घेऊन, उजवा कान खाली कलता करायला लावून, कापसाच्या बारीक वातीनं प्रांजलनं कान टिपून काढला. पाऊण तास लागला आणि तेवढ्यात जुईनं आईला तीनदा ‘वाईट डॉक्टर’ ठरवलं. मग प्रांजलनं आपल्या पिशवीतला कानोसा काढला. ‘चुर्र.’ आणि परत आलेला आवाज सर्जेरावांनी ऐकला : ‘भुप्प्.’ ओल होती, पण दाट नव्हती.

स्क्रीनवर अक्षरं आली : ‘थांबा’.

सर्जेरावांनी ती दोनदा वाचली. आपल्या तोंडानं आपण नातीचं औषध काढून घेतलं. प्रांजलनं बाटली कपाटावर ठेवली, “उद्या जाताना परत नेते,” म्हणाली, आणि घड्याळात बघून दोन वाजून वीस मिनिटं ही वेळ लिहून ठेवली.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात गेलीच नाही. जुईचा ताप सकाळी चढला, तापाच्या औषधानं उतरला, दुपारी पुन्हा चढला. आदल्या रात्री आठला, सकाळी आठला, दुपारी दोनला कानोसा ऐकून झाला होता. दर वेळी तोच शब्द. चार वाजता जुईनं कान धरून अशी किंकाळी फोडली, की शेजारच्या गवळणबाई दारात येऊन, “अहो डॉक्टर असून पोरीला असं ठेवता?” म्हणून गेल्या. प्रांजलनं दार लावून घेतलं. ती स्टुलावर चढली आणि कपाटावरची बाटली काढली.

“मला अधिकार आहे,” ती म्हणाली. सर्जेरावांनी काही विचारलंच नव्हतं. “यंत्र काहीही म्हणो, डॉक्टरला वाटलं तर देता येतं. कारण लिहायचं फक्त.”

“काय लिहिणार?”

ती बाटली हातात घेऊन खाली बसली आणि रडायला लागली. “मी रोज दहा जणींना सांगते हो, थांबा म्हणून. सोपं असतं सांगायला. आप्पा, आता तुम्हीच सांगा. देऊ? काल तुम्ही नको म्हणालात.”

“मी नको न्हवतो म्हणालो. मी फकस्त खरं सांगितलं.”

“मग आज सांगा.”

काल सकाळी हा प्रश्न आला असता तर सर्जेरावांनी बाटली हिसकावून घेतली असती. आताही त्यांचा हात शिवशिवला. पण ते म्हणाले, “कालपासनं चारदा ऐकलंस न्हवं? ते आवाज हायत का त्यात?”

“आहेत साठवलेले. पण त्याचा उपयोग नाही. यंत्र प्रत्येक वेळचा आवाज निराळा बघतं, एका मापाला लावून. त्या मापात अजून दुखरा कानच बसतोय.”

“मला लाव. एकामागं एक.”

प्रांजलनं जुईला खांद्यावर घेतलं आणि यंत्र त्यांच्या उजव्या कानाशी धरलं. मंगळवार दुपार : ‘भुप्प्.’ मंगळवार रात्र : ‘भुप्प्.’ बुधवार सकाळ : ‘भुम्प्.’ बुधवार दुपार : ‘भुम्म्.’ सर्जेरावांनी डोळे मिटले. “पुन्हा,” ते म्हणाले. मग पुन्हा. तिसऱ्यांदा ऐकताना त्यांची बोटं मांडीवर हलायला लागली.

“चढतोय,” ते म्हणाले.

“काय चढतोय? ताप?”

“सूर. लई न्हाई, केसभर. पर चारी टायमाला वरच गेलाय, एकदाबी खाली आला न्हाई. आणि शेवटच्याला आस धरल्यागत वाटतंय. ओली पुडी उन्हात ठेवली की अशीच बोलती. आधी भद्द, मग जरा कमी भद्द. वाळायला लागलीय, प्रांजल.”

प्रांजलनं मनात हिशेब केला. पाणी निवळत असलं तर पडद्यावरचा भार कमी होणार, भार कमी झाला तर सूर चढणार. पदार्थविज्ञान तिला कळत होतं. पण तिच्या कानाला चारही आवाज एकसारखे होते. “खात्री आहे?”

इथं सर्जेरावांना खोटं बोलता आलं असतं, पण कालपासून त्यांची ती हौस फिटली होती. “न्हाई,” ते म्हणाले. “एकच कान हाय माझा. त्यावर पोरीचा कान लावायचा का, ते तू ठरव. चुकलो तर जन्मभर तोंड दाखवणार न्हाई तुला.”

“तोंड कुठं नेणार आहात? इथंच तर राहता,” प्रांजल म्हणाली, आणि रडता रडता तिला हसू फुटलं. मग तिनं नाक पुसलं. “सहापर्यंत थांबू. सहाला पुन्हा ऐकायचं. खाली आला असला तर मी पाणी घालणार, मग मला विचारायचं नाही.”

“घाल. मीच उकळून ठेवतो.”

त्यांनी खरोखरच पाणी उकळून ठेवलं. तापाचं औषध देऊन वीस मिनिटं झाली तशी जुईची किंकाळी रडण्यावर आली, रडणं मुसमुसण्यावर. सर्जेराव तिला उजव्या खांद्यावर घेऊन खोलीभर फिरत राहिले. तिचा दुखरा कान त्यांच्या ऐकत्या कानाला लागला होता आणि त्यातून ऊब येत होती. हे जे आपण सांगितलं ते खरं असू दे, एवढंच ते पुन्हा पुन्हा मनात म्हणत होते. पावणेसहाला त्यांच्या सदऱ्याचा खांदा ओला झाला. त्यांना वाटलं, फुटला कान. पण तो घाम होता. जुईच्या मानेवर, कपाळावर, केसांत घामच घाम, आणि अंग गार.

सहाला कानोसा म्हणाला, ‘थांबा’. आवाज मात्र ‘भुम्मऽ’ असा आला, आणि या वेळी फरक प्रांजललाही ऐकू आला. जुईनं डोळे उघडून पोह्यांची मागणी केली. गुरुवारी सकाळी ती बाटली कोरडीच्या कोरडी दवाखान्यात परत गेली.

गोष्ट इथं संपली असती तर सर्जेरावांनी दुकानात पेढे वाटले असते. पण कान दुखायचा थांबला म्हणजे लगेच ऐकायला लागतो असं नाही. पू जातो, ठणका जातो, तरी पडद्यामागं थोडं पाणी तीन-चार आठवडे, कधी तीन महिनेही रेंगाळतं. तोवर पोराला सगळं कापसातून आल्यासारखं ऐकू येतं. हे प्रांजलनं सांगितलं होतं, सर्जेरावांना पटलंही होतं, पण जुईला हाक मारली की ती वळून “आँ?” म्हणायची आणि त्यांच्या काळजात चर्र व्हायचं. त्यांची आई सांगायची, तेसुद्धा सुरुवातीला असंच “आँ?” म्हणायचे.

मग त्यांचे चोरून प्रयोग सुरू झाले. जुईच्या पाठीमागून तबल्यावर हळूच ‘तिन्’ वाजवायचं आणि ती वळते का बघायचं. कधी वळायची, कधी नाही. चार वर्षांचं पोर खेळात असलं की तोफेलाही वळत नाही, हे ते विसरले होते. “तुम्ही तिला वेडं कराल,” प्रांजल म्हणायची. “थांबा म्हटलंय ना?” रात्री जेवताना मात्र ती त्यांच्या ताटात भाकरीचा जास्तीचा चतकोर न विचारता वाढायची. या दिवसांत दोघांचं जेवढं जमलं होतं तेवढं गेल्या दहा वर्षांत जमलं नव्हतं. वाद घालायला एकच विषय होता, आणि तो अंगावर शेकला तेव्हा दोघांनी अर्धा अर्धा वाटून घेतला होता.

प्रांजलनं कानोसा बनवणाऱ्यांना एक लांबलचक पत्र धाडलं. एकेका आवाजापेक्षा तो कसा बदलत जातो ते यंत्रानं ऐकावं, असं त्यात होतं, आणि ते तिला एका तबला मेकरनं शिकवलं असंही होतं. पंधरा दिवसांत तिकडून उत्तर आलं, की सूचना विचाराधीन आहे. यंत्रातला प्रश्न मात्र त्याच आठवड्यात बदलला : ‘बालकाच्या कानात औषध, तेल, लसूण किंवा घरातले इतर काहीही घातले आहे का? कृपया खरे सांगा.’ शबाना सिस्टर म्हणाली, की शेवटचं वाक्य वाचलं की निम्म्या आज्या खाली बघतात.

तिसरा आठवडा संपला त्या रविवारी सर्जेराव दुकानात डग्ग्याची चामड्याची वादी ओढत बसले होते. समोर रस्त्यावरून एका भजनी मंडळाची गाडी भोंगा लावून चालली होती. जुई आतल्या उंबऱ्यावर, त्यांच्याकडे पाठ करून, पुडीच्या कातड्याचे तुकडे एकावर एक रचत होती.

“जुईऽऽ!” त्यांनी नेहमीसारखी हाक दिली. “हातोडी आण गं बाय माझीऽऽ!”

तुकड्यांचा ढीग खाली पडला. जुईनं दोन्ही हातांनी दोन्ही कान गच्च दाबून धरले, मग तोंड वळवलं आणि आई रागावते तशा भिवया केल्या.

“आप्पा, केवढ्यानं ओरडता!” ती म्हणाली. “हळू बोला की. मी काय बहिरी हाय व्हय?”

सर्जेरावांच्या हातातली वादी सुटली. समोरची नात, रस्ता, गाडी सगळं धुरकट झालं.

“न्हाईस गं बाय,” ते म्हणाले. “न्हाईस.”

आणि हे ते इतक्या हळू बोलले, की त्यांचं त्यांनाच ऐकू आलं नाही. तिनं मात्र ऐकून मान डोलावली.